पदर उजव्या खांद्यावर

१

चित्र क्रमांक दोनमधली खपली मसुराच्या दाण्याएवढी होती. काळी, मध्यभागी किंचित दबलेली, कडेने लालसर वलय. विडीचं टोक टेकवून विझवावं तशी. ती एका बाईच्या कमरेवर होती, लुगडं जिथे आवळून बसतं नेमकी त्या जागी. बाईचा चेहरा फोटोत नव्हता. खपलीच्या वरून लुगड्याचा हिरवा काठ तिरका चढत गेला होता, तिच्या उजव्या खांद्याकडे.

मी तिथे थांबले. का थांबले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पेन्सिलीने समासात एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

शहापूरबाहेरच्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. संशोधन समितीची सचिव असल्यामुळे इथला प्रत्येक शोधनिबंध छापण्याआधी माझ्या टेबलावरून जातो. या निबंधाची तर मी वाटच पाहत होते. स्क्रब टायफस नावाचा ताप गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याने येतो. औषध साधं आहे, पण ताप वेळेवर ओळखला तर. ओळखायची खूण म्हणजे ती काळी खपली. आमच्या भागात पुरुषांच्या अंगावर ती सापडायची, बायकांच्या अंगावर सापडायची नाही. बायकांना 'मलेरिया असेल' म्हणून घरी पाठवलं जायचं.

बायकांची खपली कमरेला, लुगड्याखाली असते, हे आमच्या एका इंटर्न मुलीने शोधून काढलं. संघरत्ना उबाळे, शेणव्याची. टोकावड्याच्या शिबिरात पडदा लावून तिने एकेका बाईला तपासलं होतं. त्या बायकांच्या रक्ताच्या तपासण्या माझ्याच प्रयोगशाळेत झाल्या.

मी लेखकांची नावं पाहायला पहिल्या पानावर आले. पहिलं नाव डॉ. विपुल भोईर. मग स्वरूप हरड. शेवटी विभागप्रमुख डॉ. वैजयंती कर्णिक.

संघरत्नाचं नाव नव्हतं.

ते शेवटच्या पानावर सापडलं, आभारात. शिबिराला बाकं देणारी शाळा, जीपचा ड्रायव्हर, आणि 'क्षेत्रकामातील मदतीबद्दल' कु. संघरत्ना उबाळे.

दुरुस्त्या कळवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती. मी तिला फोन लावला.

"पाहिलं मी, मॅडम," ती म्हणाली. "पहिलं पान विपुल सरांनी पाठवलं सकाळी."

"आणि?"

"जाऊ द्या ना. निबंध छापून आला की झालं. डॉक्टरांनी कमरेला बघितलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं."

"संघरत्ना, हे तुझं काम आहे."

"भांडण लागलं तर ते लोक निबंधच मागे टाकतील. परत एक वर्ष जाईल. कर्णिक मॅडम ठरवतील तसं होऊ दे."

हे उत्तर मला पाठ होतं. पहिलं नाव कुणाचं, असं तिला मी विचारलं होतं, विपुलने विचारलं होतं, मसुदा करताना स्वरूपने विचारलं होतं. दर वेळी हेच. मॅडम ठरवतील.

बोलणं संपवायचं म्हणून मी म्हटलं, "बरं. बाकी निष्कर्ष छान मांडलाय. बहुतेक बायकांत खपली उजव्या कमरेला, हे तर फारच..."

तिने मला मध्येच तोडलं.

"कोणत्या कमरेला?"

"उजव्या."

"मॅडम," तिचा आवाज बदलला होता, "मी डावी लिहिली होती."

२

डॉ. कर्णिक यांच्या केबिनमध्ये नेहमी मोगऱ्याच्या अत्तराचा मंद वास असतो. बाई हुशार आहेत, कडक आहेत, आणि रुग्णाला तासन् तास वेळ देतात. त्यांच्याबद्दल मनात काही धरून मी आत गेले नव्हते.

"नावाचं विचारायला आलीस ना?" त्यांनी चष्मा काढला. "बस. विपुल इथेच लेक्चरर होणार आहे. ही मुलगी इंटर्नशिप संपली की जाईल. काम पुढे कोण नेणार?"

"पण तपासण्या तिने केल्या."

"माझ्या देखरेखीखाली केल्या. पडद्याआड मीही होते, निशिगंधा. बायकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, म्हणून तर मी स्वतः गेले."

यात अशक्य काहीच नव्हतं. त्या बाई होत्या, शिबिराच्या दिवशी टोकावड्याला होत्या. पडद्याआड विपुल किंवा स्वरूप जाऊच शकले नसते. मॅडम जाऊ शकत होत्या.

"मग बाजू कोणती, मॅडम? ती म्हणते डावी."

त्या हसल्या. तुच्छतेने नाही, थकल्यासारख्या.

"हेच. हेच मला तुला सांगायचं होतं. तिच्या तक्त्यात सगळीकडे डावी लिहिलं होतं. शुद्ध चूक. मी ती वेळीच पकडली." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघ फोटो. शिबिरातच काढलेत. सांग, कोणती कमर?"

मी पाहिलं. चित्र एक, दोन, तीन. तिन्ही बायकांची खपली उजव्या कमरेला होती. शंकेला जागाच नव्हती.

"कारणही सरळ आहे," मॅडम म्हणाल्या. "विळा उजव्या हातात. गवताशी जास्त संबंध उजव्या बाजूचा. जिला रुग्णाचं डावं-उजवं कळत नाही, तिचं नाव मी पहिलं लावू?"

मी पडदा परत त्यांच्याकडे वळवला. समोरच्या माणसाची डावी बाजू म्हणजे आपली उजवी, ही चूक पहिल्या वर्षाची मुलं रोज करतात.

दारातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा वाटलं, संघरत्नाच चुकली असेल तर?

३

संख्याशास्त्राचा स्वरूप हरड तळमजल्यावर बसतो. संशयितांमध्ये त्याला धरायचं कारण एवढंच की विभागाच्या संगणकाचं लॉगिन एकच होतं आणि ते तिघांना माहीत होतं. कर्णिक मॅडम, विपुल आणि स्वरूप.

"मला कशाला खेचता, मॅडम?" तो म्हणाला. "मी बायका बघत नाय, मी एक आणि दोन बघतो. एक म्हणजे डावी, दोन म्हणजे उजवी. हा बघा माझा शुक्रवारचा मसुदा."

शुक्रवारच्या मसुद्यात बहुतेक ठिकाणी एक होता. डावी. आणि पहिलं नाव संघरत्ना उबाळे.

"आणि शनिवारी पाठवलेल्यात?"

त्याने ती फाइल उघडली आणि खुर्ची मागे सरकवली. "आईशप्पथ. सगळे एकचे दोन झालेत. नावपण गेलंय."

"तू फोटो पाहिलेस, स्वरूप?"

"मला कोण दाखवणार? बायकांचे फोटो. संघरत्नानं ते फक्त कर्णिक मॅडमना दिले. फाइलमध्ये त्यांनीच जोडले."

म्हणजे शुक्रवार आणि शनिवार यांच्या मध्ये कुणीतरी एकाच बैठकीत दोन गोष्टी बदलल्या होत्या, बाजू आणि नाव. ज्याने एक बदललं त्यानेच दुसरं.

"शनिवारी निबंध पाठवला कुणी?"

स्वरूपने नजर चुकवली. "विपुलनं."

विपुल वॉर्डात सापडला. मला पाहताच त्याने हात जोडले.

"मॅडम, मला माहितीय तुम्ही काय विचारणार. कर्णिक मॅडमनी फोन केला, फाइल तयार आहे, पाठवून दे. मला कल्याणला जायचा टाइम झाला होता. उघडलीच नाही. बटण दाबलं आणि पळालो."

"आणि तुझं नाव पहिलं आलं."

"आज कळलं मला." तो जरा थांबला. "खोटं नाही बोलणार. दोन मिनिटं बरं वाटलं. मग घाम फुटला. सगळ्या कॉलेजला वाटणार, यानंच मारलं."

सगळ्या कॉलेजला तेच वाटत होतं. जिन्यावर दोन जणांनी मला तसं सांगितलंही होतं. मी त्याला अगदी सहज विचारलं, "तुझ्या वॉर्डात शिबिरातली एक बाई होती ना? कमळाबाई. तिची खपली कुठे होती?"

"कमरेला."

"कोणत्या बाजूला?"

"डावी," तो लगेच म्हणाला. "राउंडला सिस्टर सोबत होत्या. खपलीवर भार नको म्हणून मीच त्यांना उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं."

मी हातातली प्रत उघडली. चित्र दोनखाली लिहिलं होतं: टोकावडे येथील साठ वर्षांची रुग्ण. त्या वयाची शिबिरात एकच बाई होती, कमळाबाई. आणि फोटोत खपली उजवीकडे होती.

दोन डॉक्टर. एक बाई. एक म्हणतो डावी, एक म्हणते उजवी. आणि फोटो मॅडमच्या बाजूने.

"गाडी आहे ना तुझी?" मी विचारलं.

"आहे. का?"

"टोकावड्याला चल. चारला समितीची बैठक बोलावलीय मी. त्याआधी परत यायचंय."

४

मुरबाड मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या गवताच्या गंजी दिसू लागल्या. विपुल गाडी फास्ट चालवत होता आणि त्याहून फास्ट बोलत होता.

"मॅडम, मी खोटा निघालो तर?"

"तर परत येताना गाडी मी चालवीन."

त्याला हसावं की नाही ते कळलं नाही.

कमळाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विपुलला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अगं बाय, हा तर तो सुई खुपसनारा!"

"सलाइन होतं ते, आजी."

"सलाइन तर सलाइन. चार ठिकानी टोचलं, मंग शीर गावली याला. बसा गो मॅडम. तू पन बस रे, आता काय टोचू नको म्हंजे झालं."

मी त्यांना कारण सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. विपुल न सांगता कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. कमळाबाईंनी लुगड्याचा पिळा जरा सैल केला.

व्रण फिकट झाला होता, पण होता. गोल, मसुराच्या दाण्याएवढा. डाव्या कमरेला.

"इथंच असनार," त्या म्हणाल्या. "उजव्या हातात विळा, मंग कापलेलं गवात कुठं धरनार? या डाव्या कुशीतच ना. दिवसभर ते अंगाला घासतं. आमच्या समद्या बायांचं हेच."

मी जमिनीवर बसूनच हा विचार पचवला. मॅडमची उजव्या हाताची उपपत्ती केबिनमध्ये किती पटली होती! कारण मीही कधी गवत कापलं नव्हतं.

"आजी, तपासायला पडद्याच्या आत कोण कोण आलं होतं? आमच्या मोठ्या मॅडम होत्या?"

"ताप येवढा चढला व्हता बाय, कोन आलं नि कोन गेलं, देव जाने. शेनव्याची पोरगी व्हती, ती कळते. बाकी नाय सांगता येत."

म्हणजे साक्ष नव्हती. मी फोटो त्यांच्यासमोर धरला.

"हा तुमचाच?"

"माजाच की. लेकीनं दिवाळीला घेतलेलं लुगडं. हा बघ काठ." मग त्यांनी भुवया आकसल्या. कमरेकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "आता ही खपली इकडं कशी गेली गो?"

५

तोच प्रश्न मलाही होता. व्रण चालत जात नाही.

मी फोटो पुन्हा पाहिला, या वेळी खपली सोडून बाकीचा. हिरवा काठ. तो तिरका चढत उजव्या खांद्याकडे जात होता. माझं समासातलं प्रश्नचिन्ह तिथेच होतं. मग मी समोर बसलेल्या कमळाबाईंकडे पाहिलं. तेच लुगडं, तोच काठ. पदर डाव्या खांद्यावर.

टोकावड्यात कुठली बाई उजव्या खांद्यावर पदर घेते?

बाकीचे दोन फोटो पाहिले. वेगळी लुगडी, वेगळे काठ. तिन्ही पदर उजव्या खांद्यावर. सकाळपासून मला खुपत होतं ते हे.

"आजी," माझा आवाज मलाच मोठा वाटला, "हा फोटो काढला कुणी?"

"कोन काढनार? मीच!"

"तुम्ही?"

"मंग? पोरगी बोलली, मावशे, मी काढू का फोटो? मी बोलले, नाय. तू गुनाची हायेस, पन फोन तो फोन. त्यात माजं तोंड आलं, अजून काय आलं, मला कसं कळायचं? मंग ती बोलली, तुमीच काढा, तुमाला दिसंल तेवढंच काढा. आनि फोन असा फिरवून दिला हातात." त्यांनी रिकामा तळहात स्वतःकडे वळवून धरला, आरसा धरावा तसा. "आपलं आपल्याला दिसतं ना, तसा. मी बघितलं. तोंड नाय. खपली तेवढी हाय. मंग दाबलं. समद्या बायांनी तसंच काढलं."

मी माझा फोन काढला, पुढचा कॅमेरा चालू केला आणि स्वतःसमोर धरला. सकाळी घाईत नेसलेली माझी निळी साडी. पडद्यावर माझा पदर उजव्या खांद्यावर होता.

"विपुल!" मी ओरडले. मी सहसा ओरडत नाही. तो कुंपणापासून धावत आला. "फोटो आरशातले आहेत! बायकांनी स्वतःच काढलेत, पुढच्या कॅमेऱ्याने. काही फोन ते उलटेच साठवतात. तिन्ही फोटो उलटे आहेत!"

त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे डावी ती उजवी. म्हणजे संघरत्ना बरोबर आहे!"

"ती बरोबर आहेच. आणि नाव कुणी काढलं तेही आता मला माहीत आहे."

"कुणी?"

"गाडी काढ. उशीर होतोय."

कमळाबाईंनी मूठभर वाल माझ्या पदरात घातले. "त्या पोरीला दे," त्या म्हणाल्या. "आनि सांग, कमळाबाय गवात कापती अजून."

६

बैठकीत अधिष्ठाता सर मध्यभागी बसले होते. एका बाजूला कर्णिक मॅडम, दुसऱ्या बाजूला स्वरूप आणि विपुल. संघरत्ना सर्वांत शेवटच्या खुर्चीत होती, हात मांडीवर, मुरबाडच्या केंद्रावरची ड्यूटी उरकून थेट आलेली.

"सहापर्यंत उत्तर जायला हवं," सर म्हणाले. "पष्टे मॅडम, थोडक्यात."

"थोडक्यातच आहे, सर. आधी तुमचा एक फोटो काढू द्या. तुम्हीच काढा."

मी संघरत्नाचा फोन मागून घेतला, पुढचा कॅमेरा चालू करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी गोंधळून बटण दाबलं. मी फोटो टेबलावर फिरवला.

"सरांचा खिसा कोणत्या बाजूला आहे?"

"उजव्या," स्वरूप म्हणाला आणि मग सरांकडे पाहून थबकला. सरांचा खिसा, पेनासकट, जिथे असतो तिथेच होता. डाव्या छातीवर.

"शिबिरातले फोटो याच फोनने आणि असेच काढलेत, बायकांनी स्वतः. म्हणून तिघींचे पदर उजव्या खांद्यावर आहेत. कमळाबाईंचा व्रण मी आज डोळ्यांनी पाहिला. डाव्या कमरेला आहे."

कर्णिक मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"आता निबंधाचं," मी म्हटलं. "शुक्रवारी बाजू डावी होती आणि पहिलं नाव संघरत्नाचं. शनिवारी दोन्ही बदललं. बदलणाऱ्याने तक्ता आणि फोटो शेजारी ठेवले, ते जुळले नाहीत, आणि त्याने फोटोवर विश्वास ठेवला. म्हणजे हा माणूस असा, ज्याने फोटो पाहिले पण बायका पाहिल्या नाहीत. स्वरूपने बायका पाहिल्या नाहीत, पण फोटोही पाहिले नव्हते. डावी बदलायचं त्याला कारणच नव्हतं. विपुलने कमळाबाईंची खपली वॉर्डात पाहिली होती. ती डावीकडे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने फोटोसाठी तक्ता बदलला नसता, उलट फोटोवर शंका घेतली असती."

पुढचं नाव मी घेतलं नाही. खोलीत पंखा होता, बंद होता, तरी सगळे तिकडे पाहत होते.

"पडद्याआड एकदा जरी गेलं असतं," मी हळूच म्हटलं, "तर डावी कमर विसरता आली नसती."

मग कर्णिक मॅडम बोलल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मी व्हरांड्यात होते. गर्दी होती, मी बाहेरचे रुग्ण पाहिले. आत गेले नाही. सकाळी निशिगंधाला मी खोटं सांगितलं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "पण फोटो पाहिले तेव्हा मला खरंच वाटलं की मुलीने चूक केलीय. मी ती दुरुस्त करत होते. आणि एवढी मोठी चूक करणारीचं नाव पहिलं कशाला, असं वाटलं. विपुल इथे राहणार होता. सगळं सोयीचं जुळलं."

"मॅडम, मला एकदा विचारायचं," संघरत्ना म्हणाली. पहिल्यांदाच बोलत होती.

"हो," मॅडम म्हणाल्या. "एक फोन."

"आणि तूसुद्धा!" विपुलला राहवलं नाही. "फोटो उलटे आहेत हे तक्त्याखाली लिहायचं ना, बाई!"

"मी फोटो परत पाहिलेच नाहीत, सर. मी बायका पाहिल्या होत्या."

अधिष्ठाता सरांनी घड्याळ पाहिलं. ते भले गृहस्थ आहेत आणि भल्या माणसांप्रमाणे त्यांना भांडण नको असतं.

"हे बघा," ते म्हणाले, "चूक सापडली, फार चांगलं झालं. बाजू दुरुस्त करून पाठवू. नावाचं म्हणाल तर आयत्या वेळी लेखक बदलले की नियतकालिक दहा प्रश्न विचारतं, निबंध अडकून पडतो. पुढच्या निबंधात संघरत्नाला पहिलं नाव देऊ. चालेल ना गं?"

मला बोलायचं होतं. पण समितीचा नियम मीच लिहिला होता. लेखकपणाचा दावा ज्याचा त्यानेच करायचा, दुसऱ्याने त्याच्या वतीने नाही. मी फक्त तिच्याकडे पाहिलं.

निबंध अडकेल. याच भीतीने ती वर्षभर गप्प होती. शेणव्यात तिच्या शेजारची बारकी नावाची बाई तापाने गेली तेव्हा संघरत्ना दुसऱ्या वर्षाला होती. बारकीला दोन डॉक्टरांनी तपासलं होतं. दोघांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले. कमरेचं लुगडं कुणी सैल करायला सांगितलं नाही. खपली घरच्या बायकांना दिसली, शेवटची अंघोळ घालताना. ही गोष्ट संघरत्नाने मला एकदाच सांगितली होती, प्रयोगशाळेत, नळ चालू ठेवून.

मी कमळाबाईंचे वाल तिच्यासमोर टेबलावर ठेवले. "टोकावड्याहून आलेत. त्या अजून गवत कापतात, असा निरोप आहे."

तिने एक दाणा उचलला, बोटांत फिरवला.

"सर," ती म्हणाली, "उजवी छापून आली असती तर डॉक्टरनं उजवीकडे पाहिलं असतं, काही नाही म्हणून बाईला घरी पाठवलं असतं. आमच्याकडच्या बाईला दुसरी बाजू दाखव असं कोणी दोनदा सांगत नाही, आणि सांगितलं तरी ती दाखवत नाही."

"म्हणूनच तर दुरुस्त करतोय ना, बाळा."

"हो. पण उद्या कुणी पत्र लिहून विचारलं, फोटोत उजवी दिसते, तुम्ही डावी कशावरून म्हणता? तर उत्तर कोण देणार? विपुल सरांनी एक बाई पाहिली. स्वरूप सरांनी आकडे पाहिले. मॅडमनी फोटो पाहिले. नाव म्हणजे नुसता मान आहे असं मला वाटायचं, म्हणून सोडून देत होते. पण ज्याचं नाव पहिलं, त्यालाच हे विचारणार ना लोक?"

"त्यालाच," कर्णिक मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

विपुलने स्वतःचा लॅपटॉप उघडून टेबलाच्या त्या टोकाला सरकवला. पडद्यावर पहिलं पान होतं. त्याने आपलं नाव आधीच पुसलं होतं, आणि त्या जागी कर्सर लुकलुकत होता.

"दहा प्रश्न विचारतील," सर हळू आवाजात म्हणाले.

"विचारू देत. मी उत्तरं देईन." तिने दाणा मुठीत मिटला. मग वर्षभर तिला ज्याने ज्याने विचारलं होतं, त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"बाजू डावी लिहा. आणि पहिलं नाव माझं."